दरी डाव्या खिडकीत

सातव्या वळणावर भावोजींनी हात वर केला आणि मी जागच्या जागी थांबले.

"शेपूट कुठंय?" त्यांनी पुढून ओरडून विचारलं.

"कठड्यापासून वीतभर आत."

"वीत कुणाची? तुझी की माझी?"

"माझी."

"म्हणजे माझी अर्धीच. लिही."

मी काखेतली काठी खाली ठेवली, पिशवीतून वही काढली आणि लिहिलं : वळण सात, जेमतेम वीतभर.

आमच्या दोघांमध्ये एक दोरी ताणलेली होती. भावोजी म्हणजे गाडीची पुढची चाकं. दोरीचं दुसरं टोक धरलेली मी म्हणजे मागची चाकं. आणि माझ्या काखेतून मागे निघालेली सहा फुटी काठी म्हणजे मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबणारा गाडीचा भाग. त्याला ते शेपूट म्हणत. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं जातात तिथून मागची जात नाहीत, ती आतल्या अंगाने वळण कापतात, आणि शेपूट मात्र बाहेर फेकलं जातं. म्हणून मला त्यांची ताकीद होती, "माझ्या पावलावर पाऊल टाकायचं नाही. तू आतून चाल, दोरी सैल सोडू नको, आणि काठी कशाला लागली तर लगेच बोंब मार."

अशी आम्ही सकाळपासून डोंगर उतरत होतो. एकूण वळणं चौदा. माझं वय एकसष्ट, त्यांचं अडुसष्ट. रस्तादुरुस्तीच्या ज्या ट्रकमधून आम्ही वर आलो होतो, त्यातली माणसं मध्येच कुठेतरी खडी टाकत उभी होती. एकाने हटकलंच.

"काका, बाईंना दोरी बांधून कुठं चाललात?"

"मोकळी सोडली की पळते," भावोजी म्हणाले.

मी पावलंही मोजत होते. पहिल्या तीन वळणांवर आकडा चुकला, कारण सवयीने तोंडात देवाचं नाव यायचं आणि मध्येच मोजणी हरवायची. भावोजी म्हणाले, "नाव घे बाई, खुशाल घे. पण एका पावलाला एकच घे." चौथ्या वळणापासून तसं केलं आणि आकडा बरोबर यायला लागला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तरुणपणी ते याच डोंगरांतून खडीचा ट्रक चालवायचे. पुढे कंबर गेली. मग गावाबाहेरच्या एका घरगाड्यांच्या आवारात मालकांनी त्यांना टेबलाशी बसवलं. घरगाडी म्हणजे जिच्यात झोपायला पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं आणि कोपऱ्यात एवढंसं शौचघर असतं ती. अशा चार गाड्या होत्या त्यांच्याकडे. वरच्या बाजूला डोंगरातली मोठमोठी राखीव उद्यानं. लोक कुटुंबकबिल्यासह यायचे, गाडी घ्यायचे आणि चार-सहा दिवस डोंगरात फिरून यायचे. कुठून जायचं, कुठं मुक्काम करायचा, पाणी कुठं भरायचं, हे सगळं ठरवून द्यायचं काम भावोजींचं.

लोक येऊन विचारायचे, "काय काय बघण्यासारखं आहे?" भावोजी उत्तरच द्यायचे नाहीत. ते उलट विचारायचे, "कोण कुठं बसणार?"

माणसं गोंधळायची. पण भावोजी हट्टाला पेटल्यासारखे एकेकाची चौकशी करायचे. आजी बरोबर आहेत का? त्यांचा कुठला गुडघा दुखतो? पाय लांब करून बसायला लागतं का? गाडीतल्या टेबलाची खिडकी एकाच अंगाला असते. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप चाललाय, त्याच्या खिडकीत डोंगर यायला हवा, खडकाची भिंत नको. म्हणून आधी माणूस बसवायचा आणि मग फेरी कुठल्या दिशेने घालायची ते ठरवायचं. एकदा एक गृहस्थ दोन मुलांना घेऊन आले होते. दोघांनाही खिडकी हवी. भावोजींनी एकच रस्ता दोनदा लावून दिला. जाताना एक खिडकीत, येताना दुसरा. "घरी जाऊन भांडू दे, वाटेत नको," म्हणाले. आवारातले ड्रायव्हर त्यांना मापाडी म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे.

त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची. ते सांगायचे, मी प्रत्येक कुटुंबासाठी वही लिहायची. भिंतीवर टाचण्या टोचलेला नकाशा, कोपऱ्यात चहाची किटली, आणि भावोजी डोळे मिटून रस्ता सांगतायत : "पुलानंतर ऊन थेट चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतं, तेव्हा तिथं चहाला थांबा. पुढे झाडं संपतात, तळं दिसतं. तिथं बोलणं बंद करा." मी हे जसंच्या तसं लिहायची. एका वहीत तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपुढे 'काही नाही' असं होतं. ते गिऱ्हाईक वही घेऊन परत आलं. "इथं काहीतरी लिहायचं राहिलंय तुमचं."

"राहिलेलं नाही," भावोजी म्हणाले. "तासभर काही करू नका. जमतंय का बघा."

आणि ताई? ताईने त्या चारही गाड्यांचे पडदे शिवले होते. गाडी निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकाची पेटी तीच भरायची. मीठ, काडेपेटी, दोन चमचे जास्तीचे, सुईदोरा. वरचा एकेक डोंगर तिला नावानिशी माहीत होता, पण ऐकून. ती वर कधी गेलीच नाही. मनात नव्हतं असं नाही. रस्ता मोकळा असायचा तेव्हा गाड्या लोकांकडे असायच्या, आणि गाड्या मोकळ्या असायच्या तेव्हा वर बर्फ. अशी सव्वीस वर्षं गेली. "जाऊ की, आपण कुठं पळून चाललोय," असं दोघंही म्हणायचे.

त्याच वर्षी थंडी संपता संपता ताईला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. शब्दही अडकायला लागले. उन्हाळाभर भावोजींनी तिला लहान मुलासारखं चालवलं, तेव्हा कुठे ती काठी घेऊन घरात फिरायला लागली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा येणार नाही असं मी म्हणू शकत नाही. कुठं जायचं मनात असेल तर याच वर्षी जाऊन या."

बर्फ पडायला लागलं की उद्यानाची फाटकं बंद होतात. त्याला तीन आठवडे होते. भावोजींनी मालकांकडे तीन दिवसांसाठी गाडी मागितली. मालक म्हणाले, "चारातली कुठली पाहिजे ती न्या. विचारताय काय?"

मग भावोजी ताईची वही सांगायला बसले. मी आयुष्यात एवढ्या वह्या लिहिल्या, पण त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. नवी गाडी. टेबल उजव्या खिडकीशी. ताईने तिथं बसायचं, पाय लांब करून, तोंड पुढे. तोंड पुढेच, कारण उलटं बसलं की तिला मळमळतं हे आमच्या घरात ती परकरात असल्यापासून ठाऊक. चौदा वळणं चढून वर जायचं. वर कड्याचा रस्ता लागतो. तिथं एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला ती मोठी दरी, मैलच्या मैल, तळाशी नदी. वळणं चढून गेलं की दरी उजवीकडे येते. म्हणजे बरोबर ताईच्या खिडकीत. पलीकडून सौम्य उताराने खाली.

"बसलं चपखल," भावोजी म्हणाले आणि पोरासारखे हसले.

दोन दिवसांनी मी ताईकडे गेले तेव्हा त्यांनी टेबलावर जुने फोटो मांडले होते. ट्रक चालवताना काढलेले, डावीकडून उजवीकडे ओळीने, जशी ठिकाणं लागणार तसे. ते एकेकावर बोट ठेवत होते आणि ताई म्हणत होती, "छान. छान आहे." शेवटच्या दोन फोटोंवर त्यांचं बोट गेलं तेव्हाही ती छान म्हणाली, पण तिची नजर त्या बोटावर नव्हती. ती मधल्याच फोटोवर होती.

भावोजी फोन घ्यायला बाहेर गेले. मी ताईच्या उजव्या हाताला उभी होते. हातभर अंतरावर. ती मान वर करून स्वतःशीच म्हणाली, "ही कधी गेली? चहा न घेताच?"

चौतीस वर्षं मी लहान मुलांना शिकवलं. फळा कुणाला दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत, ओळखावं लागतं. मी शेजारचं वर्तमानपत्र तिच्यापुढे धरलं. "ताई, वाच."

तिने पहिली ओळ वाचली. अर्धी. मग दुसरी, अर्धी. वाक्याला वाक्य लागेना. तिने पेपर खाली ठेवला.

"कळलं ना तुला? आता गप्प बस."

"चष्मा बदलला तर?"

"चष्म्याचं काम नाही म्हणे. डोळे ठणठणीत आहेत. आतच उजवीकडचं पुसलं गेलंय." शब्द शोधत, थांबत ती बोलत होती. "मान पुरती वळवली की सापडतं. पण चालत्या गाडीत सापडेपर्यंत ते मागे गेलेलं असतं."

"अगं, मग दरी? ती उजवीकडे आहे."

"ते सांगतील ना, आता हे आलं, आता ते आलं. मी छान म्हणेन."

"ताई!"

"ओरडू नको. सव्वीस वर्षं लोकांना दाखवली त्यांनी. माझ्यासाठी पहिल्यांदा वही केलीय. त्यांना वाटू दे, मला दिसली." आणि माझा हात चाचपत म्हणाली, "सांगितलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे."

घरी येऊन देवापुढे बसले, पण काही सुचेना. ताईचा शब्द मोडायचा तर तिचं मन मोडतं, आणि पाळायचा तर ती तिथवर जाऊन आंधळ्यासारखी खडकाकडे बघत बसणार. शेवटी म्हटलं, देवा, मी काही सांगत नाही. पण फेरीची दिशा बदलायला तर तिने मना केलेलं नाही.

शनिवारी वही पक्की करायची होती. मी टोपण न काढता पेन हातात धरून म्हणाले, "भावोजी, ही फेरी उलटी करा. दरी डावीकडे घ्या."

ते हसले. "मास्तरीणबाई, म्हणजे चौदा वळणं उतरायची? चढतानाच लोकांना देव आठवतो. आणि डाव्या खिडकीशी टेबल फक्त आजीबाईला आहे."

आजीबाई म्हणजे आवारातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत लांब गाडी. तिचं शेपूटच नव्या गाडीपेक्षा तीन फूट जास्त. तिला वळणांवर कुणी नेत नसे, सपाटीवरच्या तळ्याला जाऊन यायला ठेवलेली.

"मग आजीबाईला न्या. कड्यावरून माघारी फिरा."

"तिथं सायकल वळेल, आजीबाई वळायची नाही. एकदा त्या बाजूने गेलं की वळणं उतरूनच घरी. पण का? काय झालं काय?"

"मला विचारू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे. माझ्या हाताखालची वही घेऊन ते आवारात गेले. खिडकीतून मला दिसत होतं. ते नव्या गाडीत चढले, टेबलाशी ताईच्या जागेवर बसले, आणि वही उभी करून नाकाला टेकवली, अशी की उजवीकडचं सगळं झाकलं जाईल. तसे बसून राहिले. समोर आवाराची भिंत, पाण्याची टाकी, पडदे वाळत घातलेली दोरी. वही नाकाशी धरून त्यांनी सगळीकडे बघितलं. खिडकीकडेही बघितलं.

परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून का?"

मी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"बरं, नको बोलू. शपथ घातली असेल." त्यांनी किटली शेगडीवर ठेवली. पाणी घालायचं विसरले. "परक्या बाईला विचारतो मी, आजी, कुठला गुडघा दुखतो? कानाला वारा लागतो का? आणि घरात रोज समोर बसून जेवतो, तिचं ताट उजवीकडे भरलेलं राहतं, तर म्हणतो, भूक कमी झाली वाटतं."

किटली करपायला लागली तेव्हा मी उठून गॅस बंद केला. ते दोरी शोधत होते.

तर अशी ती दोरी. ताईला सांगितलं होतं, रस्त्याची पाहणी करायला चाललोय. शेजारीण तिच्याजवळ बसली होती.

आठ, नऊ, दहा ही वळणं बरी गेली. अकरावं मात्र अकरावंच. तिथे रस्ता असा दुमडतो की आपलीच पाठ आपल्याला दिसेल. भावोजी पुढे निघाले, मी आतून चालले, आणि काठी दगडाला लागून खर्रकन आवाज आला.

"लागली!"

"पुन्हा."

पुन्हा लागली. तिसऱ्यांदा त्यांनी बाहेरून मोठं वळण घेतलं, इतकं बाहेरून की त्यांचा पाय रस्त्याच्या अगदी कडेला गेला आणि दोन खडे खाली गेले. ते खाली गेल्याचा आवाज आलाच नाही.

"भावोजी, मागे या."

ते मागे आले आणि रस्त्यातच बसले. दोरी मांडीवर घेऊन. मला वाटलं, आता म्हणतील नाही बसत, चल घरी. माझं नाव घेणं चालू होतं, पावलाशिवायच.

"एका दमात बसत नाही," ते म्हणाले. "मोडून घ्यावी लागेल. पुढे, मग मागे, मग पुढे."

"इथं? मागे घ्यायची? आणि ताई डाव्या खिडकीत, खाली बघत?"

"ती नाही घाबरत. मी घाबरतो. म्हणून तर आलोय." ते उठले. "चल, मागे सरक. दोरी ताठ."

मी आयुष्यात पहिल्यांदा मागे चालत डोंगर चढले. एकदा आपटले. भावोजी म्हणाले, "मागचं टायर बसलं," आणि मला हात दिला. पुढे, मागे, पुढे. काठी लागली नाही. त्यांनी पुढचं चाक जिथे थांबायला हवं तिथे पांढरा दगड ठेवला, आणि मागचं चाक जिथे टेकेल तिथे दुसरा. मग पुन्हा सगळं. सहा वेळा केलं. सहाही वेळा त्यांचा पाय त्याच दगडाशी आला तेव्हा म्हणाले, "लिही. वळण अकरा, दोन दमांत."

चौदावं उतरून फाटकाशी आलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. फाटकावरचा नाकेदार भावोजींच्या ट्रकच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. दोघांनी मिळून वेळ ठरवली. आम्ही वरच्या तळ्याशी मुक्काम करायचा, सकाळी कड्याच्या रस्त्याने यायचं, आणि नऊ ते साडेनऊ खालून एकही गाडी वर सोडायची नाही.

"मापाड्या, या वयात आजीबाईला इथून उतरवणार?" नाकेदार म्हणाला. "कुणासाठी एवढं?"

"आहे एक गिऱ्हाईक," भावोजी म्हणाले. "फार वर्षं थांबलेलं."

कठड्यावर बसून आम्ही थर्मासमधला उरलेला चहा घेतला. माझ्या टाचा भरून आल्या होत्या. भावोजी दोरी गुंडाळत होते, हळूहळू, हाताच्या कोपराभोवती.

"तिला काय सांगायचं? उलटी फेरी का?" मी विचारलं.

"वळणांवर खडी टाकतायत, चढ बंद आहे, असं लिही."

"खोटं मी वहीत लिहिणार नाही."

"मग मी तोंडी सांगतो. ते पाप माझं." मग म्हणाले, "तिला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. तिने एवढं जपलंय, तर राहू दे तिचं तिच्याकडे."

मी मान हलवली. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली. भावोजींनी दोरीला शेवटची गाठ मारली, ती सोडली आणि पुन्हा मारली.

"एक मागू तुझ्याकडे?"

"मागा की."

"कड्याच्या रस्त्यावर मला नजर हलवता यायची नाही. आणि आरशात ती दिसत नाही. काल आजीबाईत बसून सगळे आरसे फिरवून बघितले, नाहीच दिसत. तू तिच्यासमोर बसणार, उलटी. तुला मळमळत नाही ना?"

"नाही."

"खिडकी तुझ्याही शेजारी आहे. दरी तूही कधी बघितलेली नाहीस. तुलाही वाटेल बघावंसं." त्यांनी चहाचा पेला उलटा करून झटकला. "पण तू बाहेर बघू नको. पूर्ण रस्ता संपेपर्यंत तिच्या तोंडाकडे बघ. आणि खाली पोचलो की मला बाजूला घेऊन सगळं सांग, एकही गोष्ट न वगळता. एवढं करशील माझ्यासाठी?"